पथ्य, परहेज आणि डाएट : लोकप्रिय आहारपुस्तकांचे आकर्षण आणि प्रभाव

प्रास्ताविक

उज्जैनची सकाळ पोहे आणि जिलेबीने उजाडते. सणावाराला दालबाफले आणि त्यांवर सढळ हाताने ओतलेले तूप ही माळव्याची ओळख आहे. शिंद्यांच्या काळापासून येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, उर्दू बोलणारी मुस्लिम घरे आणि एका थाळाभोवती बसून जेवणारा बोहरा समाज या तिघांच्या स्वयंपाकघरांत भेद असला तरी पाहुण्याला आग्रह करून वाढण्याची रीत सारखीच आहे. अशा शहरात गेल्या दीड दशकात एक नवे वाक्य रुळले : ‘मला नको, माझे डाएट चालू आहे.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मागे बहुधा एखादे पुस्तक असते, किंवा त्या पुस्तकाच्या लेखकाचे भाषण असते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी त्याची शिफारस केलेली असते.

लोकप्रिय आहारपुस्तकांकडे वैद्यकशास्त्राचे अभ्यासक ‘हे खरे की खोटे’ या दृष्टीने पाहतात. साहित्याचे अभ्यासक त्यांच्याकडे बहुधा पाहतच नाहीत. परंतु जे पुस्तक लाखो माणसांच्या जेवणाच्या वेळा बदलते, ते वाङ्मयीन दृष्ट्याही तपासले पाहिजे. त्याची भाषा कोणती, ते कोणाला उद्देशून लिहिलेले आहे आणि त्याच्या पानांत कोणाला स्थान नाही, हे प्रश्न समीक्षेचेच आहेत. प्रस्तुत लेखात मराठी वाचकवर्गात विशेष गाजलेल्या दोन आहारविचारांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

तीन शब्द, तीन दृष्टी

मराठीत आहारनियमासाठी ‘पथ्य’ हा जुना शब्द आहे. जे पथाला, म्हणजे शरीराच्या मार्गाला, हितकर ते पथ्य. पथ्य आजाराबरोबर येते आणि आजाराबरोबर जाते. ते वैद्य सांगतो आणि घरातले सर्वजण सांभाळतात. उर्दूतील ‘परहेज’ या शब्दाचा अर्थ दूर राहणे असा आहे. त्याच शब्दापासून ‘परहेजगार’, म्हणजे पापापासून दूर राहणारा, हा शब्द तयार होतो. त्यामुळे परहेजात वैद्यकीय सूचनेबरोबर नैतिक संयमाचीही छटा येते.

‘डाएट’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा आरंभीचा अर्थ ‘जगण्याची रीत’ असा होता. आज मराठी-उर्दू घरांत तो ज्या अर्थाने वापरला जातो तो मात्र निराळा आहे. डाएट निरोगी माणूसही करतो. त्याला आजाराची गरज नसते आणि शेवटही नसतो. ते ‘चालू’ असते किंवा ‘मोडलेले’ असते. पथ्य मोडले तर दुखणे वाढते. डाएट मोडले तर माणूस स्वतःच्या नजरेत उतरतो. परहेजातील नैतिक छटा डाएटने उचलली, पण पथ्यामागचा वैद्य आणि घर हे दोन्ही आधार त्याने सोडून दिले. आहारपुस्तक नेमकी हीच रिकामी झालेली जागा घेते.

दस्तरख्वानापासून एका ताटापर्यंत

अन्न आणि आरोग्य यांना एकत्र बांधणारे लेखन आपल्याकडे नवीन नाही. माळव्यातच, मांडूचा सुलतान गियासुद्दीन खिलजी (कारकीर्द १४६९ ते १५००) याच्या दरबारात ‘नेमतनामा’ या सचित्र ग्रंथाची सुरुवात झाली. सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या या हस्तलिखितात पदार्थांच्या कृतींबरोबर अत्तरे, विडे आणि औषधी योगही दिलेले आहेत. ग्रंथ राजाच्या रसनेसाठी आहे, तरी चव आणि प्रकृती यांत त्याने भिंत घातलेली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’ या स्त्रियांसाठी लिहिलेल्या ग्रंथाचा नववा भाग आरोग्य आणि उपचार यांना वाहिलेला होता. त्याच काळात, १९१० मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ मराठीत प्रसिद्ध झाले. या दोन्ही पुस्तकांची वाचक घर चालवणारी स्त्री होती. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात महात्मा गांधींनी गुजरातीत ‘आरोग्यनी चावी’ लिहिली. तेथे आहार हा आत्मसंयमाचा आणि राष्ट्रजीवनाचा भाग झाला.

या परंपरेतील लेखनाने राजा, गृहिणी किंवा राष्ट्रसेवक यांना संबोधले. प्रत्येकाच्या मागे दरबार, कुटुंब किंवा समाज उभा होता. आधुनिक आहारपुस्तक मात्र एकट्या व्यक्तीला आणि तिच्या एका ताटाला संबोधते. या प्रकाराचा आरंभ बहुधा लंडनच्या विल्यम बँटिंग यांच्यापासून मानला जातो. अंत्यविधीची व्यवस्था करणारे हे व्यावसायिक डॉक्टर नव्हते. आपले वजन कसे उतरले, हे त्यांनी १८६३ मध्ये एका पुस्तिकेत सांगितले आणि पहिली आवृत्ती विनामूल्य वाटली. पुस्तिका इतकी गाजली की बँटिंग यांचे नाव इंग्रजीत क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्यासाठी खाणे कमी करण्याला त्याच नावावरून आलेले क्रियापद वापरतात. मराठीत ‘आम्ही दीक्षित सुरू केले आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा याच प्रक्रियेची पुनरावृत्ती होत असते.

दोन पुस्तके, दोन परस्परविरोधी आज्ञा

ऋजुता दिवेकर यांचे ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’ हे इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘टशन’ या चित्रपटातील करीना कपूर यांच्या सडपातळ बांध्याची देशभर चर्चा झाली होती आणि त्यांच्या आहारतज्ज्ञ म्हणून दिवेकरांचे नाव सर्वांपर्यंत पोहोचले होते. पुस्तकातील मुख्य सूत्रे चार आहेत. उठल्यावर चहा-कॉफीने दिवस सुरू करू नये, आधी काही खावे. त्यानंतर दर दोन तासांनी थोडेथोडे खावे. शरीराची हालचाल जास्त असेल त्या वेळी जास्त खावे. रात्रीचे जेवण झोपेच्या बरेच आधी उरकावे. पुढील लेखनात त्यांनी तूप, भात आणि स्थानिक धान्ये यांची ठाम बाजू घेतली.

डॉ. जगन्नाथ दीक्षित हे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. नागपूरचे बहुश्रुत राजकारणी डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या एका व्याख्यानातून त्यांना आहारविचाराचे बीज मिळाले. ‘विनासायास वेटलॉस’ या नावाने त्यांचे मराठी पुस्तक आणि शेकडो व्याख्याने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक वेळी खाल्ले की शरीरात इन्सुलिन स्रवते. म्हणून कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. शासनाच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेशी त्यांचे नाव जोडले गेल्यावर या विचाराला सरकारी प्रतिष्ठाही मिळाली.

एक लेखिका दर दोन तासांनी खा म्हणते, दुसरे लेखक दिवसातून दोनदाच खा म्हणतात. दोन्ही सूत्रांत ‘दोन’ आहे, पण आज्ञा उलट्या आहेत. तरीही ‘दीक्षित की दिवेकर’ हा विनोदाचा आणि वादाचा विषय होऊनही दोघांचे चाहते कमी झाले नाहीत. कित्येक घरांत दोन्ही पुस्तके एकाच कपाटात सापडतील. केवळ शास्त्रीय सत्य हेच आकर्षणाचे कारण असते, तर या दोहोंपैकी एक पुस्तक केव्हाच बाद व्हायला हवे होते.

आकर्षणाची कारणे

पहिले कारण आकड्याचे आहे. ५५ मिनिटे, साडेचार किलोमीटर, दोन तास, चार सूत्रे हे आकडे पाठ होतात आणि दुसऱ्याला सांगता येतात. ‘बेताने खा’ हा उपदेश आजी हजार वेळा करते आणि कोणी ऐकत नाही. तोच उपदेश घड्याळात बसवला की नियम होतो. आकड्याला विज्ञानाचा पोशाख असतो आणि पाळणाऱ्याला आपण अचूक काही करत आहोत असे समाधान मिळते.

दुसरे कारण आपल्या अन्नाची परत मिळालेली प्रतिष्ठा हे होय. आधीच्या पिढीला डॉक्टरांनी तूप बंद, भात बंद, नारळ बंद असे सांगितले होते. दिवेकरांनी तूप-भात ताटात परत वाढला. दीक्षितांनी निरोगी माणसाला, गोड कमी ठेवून, त्या दोन जेवणांत घरचेच जेवायला सांगितले. परदेशी फळे किंवा महागडी पावडर यांची सक्ती दोघांनीही केली नाही. मध्यमवर्गीय वाचकाला हा केवळ आर्थिक दिलासा नव्हता. आपल्या आईचा स्वयंपाक चुकीचा नव्हता, अशी ती ग्वाही होती.

तिसरे कारण फारसे बोलले जात नाही. आग्रहाच्या संस्कृतीत नकार देणे हा अपमान समजला जातो. ईदचा शीरखुर्मा, सत्यनारायणाचा शिरा, मुलीच्या सासरचा चहा यांना नाही म्हणणे अवघड असते. आहारपुस्तक वाचकाला नकाराचे एक सभ्य कारण देते. ‘नको’ म्हणणारा माणूस उद्धट ठरतो; ‘माझे दीक्षित चालू आहे’ म्हणणाऱ्याचे मात्र कौतुक होते आणि यजमानही पुस्तकाचे नाव विचारून घेतो.

चौथे कारण अनुभवकथन. वजन किती उतरले, साखर किती खाली आली, पट्ट्याला कितवे भोक पाडावे लागले, या कथांना धर्मांतराच्या किंवा व्यसनमुक्तीच्या कथांसारखी घडण असते : आधीचे अज्ञान, मग गुरूची भेट, मग कसोटी आणि शेवटी नवा जन्म. ज्यांचे वजन उतरले नाही ते आपली कथा सांगायला उभे राहत नाहीत. त्यामुळे सभागृहात ऐकू येणारा प्रत्येक आवाज यशाचाच असतो.

पुरावा काय सांगतो

येथे दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. दोनदा खाण्याचा विचार निराधार नाही. प्राग येथे ५४ मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेवढ्याच उष्मांकांचे सहा लहान आहार आणि दोन मोठी जेवणे यांची तुलना केली गेली. बारा आठवड्यांत दोन जेवणांच्या पद्धतीत वजन अधिक उतरले : ३.७ किलो विरुद्ध २.३ किलो. परंतु ती दोन जेवणे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण ही होती. आपल्याकडे न्याहारी सोडून रात्री नऊला भरपेट जेवणारा माणूस त्या अभ्यासाचा आधार घेऊ शकत नाही.

दुसरीकडे, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील १३९ स्थूल व्यक्तींच्या वर्षभराच्या अभ्यासात सर्वांना उष्मांक कमी दिले गेले आणि एका गटाला खाण्याच्या वेळेचेही बंधन घातले गेले. एका गटाचे वजन सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण किती खाल्ले हेच निर्णायक ठरले.

वजन पुरेसे उतरले तर टाइप-२ मधुमेह काही काळ मागे हटू शकतो, हे ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासाने दाखवले. त्यात विशेष आहार घेतलेल्या गटातील ४६ टक्के रुग्ण वर्षअखेर औषधांशिवाय मधुमेहमुक्त मर्यादेत होते. मात्र त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवण्यात आल्या होत्या. पुस्तकावर विसंबून त्या कोणी स्वतः सोडल्या नव्हत्या.

या अभ्यासांचा एकत्रित अर्थ असा की, लोकप्रिय पुस्तकांमुळे काहींना खरोखर लाभ होतो. त्या लाभाचे कारण मात्र बहुधा पुस्तकातील खास सूत्र नसून त्यामुळे आपोआप कमी झालेले खाणे, बंद झालेला चहा-बिस्किटांचा मारा आणि सुरू झालेले चालणे हे असते. परस्परविरोधी पुस्तकांचे वाचक एकाच वेळी समाधानी कसे राहू शकतात, याचे उत्तर येथे मिळते.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दीक्षितांच्या मूळ मांडणीत आधी रक्ततपासणी करण्याची सूचना आहे आणि लहान मुले, गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी ही पद्धत नाही, असेही सांगितले जाते. पण पुस्तकाबाहेर प्रवास करतो तो आकडा. अटी पुस्तकातच राहतात. ‘दोनदा जेवा’ हे वाक्य चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते, ‘तपासणी करा’ हे पोहोचत नाही. लोकप्रियतेची किंमत लेखकापेक्षा वाचकालाच अधिक मोजावी लागते.

पुस्तकात नसलेली माणसे

आहारपुस्तकाचे व्याकरण आज्ञार्थी आहे : खा, थांबा, चाला. ‘शिजवा’ हे क्रियापद त्यात क्वचित येते. घरातील कर्ता पुरुष दोन वेळांवर आला तरी मुलांचा डबा, सासूबाईंचे मऊ जेवण आणि पाहुण्यांचा चहा थांबत नाही. उलट, एका माणसाचे सॅलड आणि मोड आलेली कडधान्ये यांची भर पडते. ते सर्व करणारी स्त्री ‘गृहिणी-मित्र’ची वाचक होती, नव्या पुस्तकात ती अदृश्य झाली आहे. ‘भूक लागेल तेव्हा जेवा’ हा नियम तर सर्वांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईला कधीच लागू नव्हता.

दुसरी अनुपस्थित व्यक्ती म्हणजे ज्याच्या ताटात मुळातच कमी आहे तो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आहेत आणि १८.७ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कृश आहेत. याच वयोगटात ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही दोन्ही टोके महाविद्यालयाच्या एकाच वर्गात शेजारी बसतात. जादा वजनाच्या प्रौढासाठी सांगितलेला नियम सतरा-अठरा वर्षांची रक्तक्षय असलेली मुलगी ‘बारीक होण्यासाठी’ पाळू लागली, तर तिचे लक्ष अभ्यासात लागत नाही, चक्कर येते, आणि शिक्षक तिला निष्काळजी समजतो.

युनानी वैद्यकात ‘मिजाज’ आणि आयुर्वेदात ‘प्रकृती’ या कल्पना आहेत. त्यांची शरीरविषयक उपपत्ती आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. परंतु एकाचे अन्न दुसऱ्याला मानवेलच असे नाही, वय, ऋतू आणि श्रम पाहून ठरवा, हा त्यांचा आग्रह शहाणपणाचा होता. हकीम नाडी पाहिल्याशिवाय परहेज सांगत नसे. छापील पुस्तकाला वाचकाची नाडी पाहता येत नाही. सर्वांना एकच नियम ही त्याची व्यापारी सोय आहे आणि तीच त्याची मूलभूत मर्यादाही आहे.

रमजान आणि दोन वेळचे जेवण

मुस्लिम वाचकाला ‘दोनदा जेवा’ हे सूत्र ओळखीचे वाटते, कारण सहरी आणि इफ्तार यांची त्याला सवय असते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीसमधील शिकवणही मशिदीत आणि घरात ऐकलेली असते. त्यामुळे नव्या पुस्तकात जुन्या दीनी शिकवणुकीची पुष्टी झाली असे मानण्याकडे कल होतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. रोजा ही इबादत आहे. तिचा हेतू वजन उतरवणे हा नाही. आजारी व्यक्तीला आणि प्रवाशाला त्यात शरियतनेच सवलत दिलेली आहे. डाएटचा नियम मात्र अशी सवलत सहसा देत नाही. दुसरे म्हणजे, इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने औषधाची मात्रा न बदलता जेवणे कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने ‘मधुमेह आणि रमजान’ या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून २०२१ मध्ये त्यांत सुधारणा झाली. रोजा धरण्यापूर्वी काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, प्रत्येकाचा धोका स्वतंत्रपणे ठरवावा आणि साखर फार खाली गेल्यास रोजा सोडावा, असे त्यांत सांगितले आहे. ‘मिजाज पाहून परहेज’ या जुन्या तत्त्वाचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. हे पाहता, हा सल्ला पुस्तकाच्या आकड्याइतकाच सर्वांच्या तोंडी व्हायला हवा.

समारोप

लोकप्रिय आहारपुस्तकांना फसवणूक म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. दीक्षितांनी हजारो माणसांना सकाळी रस्त्यावर चालायला लावले आणि रक्ताची तपासणी करून घेण्याची सवय लावली. दिवेकरांनी घरच्या अन्नाविषयीचा न्यूनगंड घालवला. ही कामे आरोग्यखात्याच्या कित्येक पत्रकांना जमली नव्हती. मात्र दोघांच्याही यशाचे मूळ शास्त्रापेक्षा रचनेत अधिक आहे : सोपा आकडा, आपलीशी भाषा, नकाराचे सभ्य निमित्त आणि यशाची कथा. ज्या घरात हकीम, आजी आणि दस्तरख्वान यांचा अधिकार ओसरला, तेथे हे पुस्तक वडीलधाऱ्याच्या जागी बसले. वडीलधाऱ्याला माणूस समोर दिसत असे. पुस्तकाला तो दिसत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकाचे काम येथून सुरू होते. भाषेच्या तासाला एखादे आहारपुस्तक पाठ्य म्हणून वाचायला घेता येईल आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारता येतील. हे पुस्तक कोणत्या वयाच्या, कोणत्या कमाईच्या वाचकाला उद्देशून आहे? यातले अन्न कोण शिजवणार आहे? दिलेला पुरावा अनुभवकथनाचा आहे की तुलनात्मक अभ्यासाचा? आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे कोणत्या पानावर, किती ठळक अक्षरात सांगितले आहे? गृहशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना या तासाला बोलावले तर चर्चा अधिक नेमकी होईल. डबा न आणणाऱ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी कोणीतरी ‘डाएट आहे की घरी काही नाही?’ असे हळूच विचारले, तरी त्या तासाचे सार्थक होईल.